छोट्या मोटारीची मोठी तक्रार

या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, “मोटारीच्या तक्रारींना इतिहास कसला? गाडी बिघडली, मिस्त्रीकडे नेली, पैसे मोजले, संपले!” त्यांचे म्हणणे वरवर पाहता खरे आहे. लढायांचा आणि तहांचा इतिहास लिहिला जातो; गॅरेजच्या दारात घाम पुसत उभ्या असलेल्या माणसाचा कोण लिहिणार? परंतु याच स्नेह्यांवर मागे एकदा नव्या गाडीचे इंजिन उघडून घेण्याची पाळी आली होती. कर्ज काढून घेतलेली छोटी गाडी. वर्ष पुरते उलटले नव्हते. ते वर्कशॉपात भांडावयास गेले तेव्हा तेथील साहेबांनी त्यांना शांतपणे सांगितले, “दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही. तुमच्या चालवण्यातच काही तरी दोष असला पाहिजे.” आमचे स्नेही वीस वर्षे निर्धोक गाडी चालवीत आलेले. पण ते वाक्य ऐकून ते गप्प बसले, आणि घरी येऊन आपण क्लच जास्त दाबतो की काय याचा विचार करू लागले.

“दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही” हे चार शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. ते खरे की खोटे हे एकट्या गिऱ्हाइकाला कधीच समजत नाही, आणि त्या न समजण्यातच विकणाऱ्याचे बळ असते. या चार शब्दांचा जोर कसा कमी होत गेला, हाच आजचा आमचा विषय. त्यासाठी आपणांस अमेरिकेत जावे लागेल. कारण मोटार घरोघर पहिल्याने तेथे पोहोचली, आणि मोटारीची तक्रार कायद्याच्या पुस्तकापर्यंतही पहिल्याने तेथेच पोहोचली.

दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकन मोटार म्हणजे लांबरुंद, वजनदार आणि पेट्रोल पिणारी. छोट्या गाडीत नफा थोडा, म्हणून तेथील बड्या कंपन्यांचे तिकडे लक्ष नव्हते. तेवढ्यात जर्मनीची फोक्सवॅगन येऊन पोहोचली. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत खपणाऱ्या मोटारींपैकी साधारण दहावा हिस्सा परदेशी गाड्यांचा झाला. तेव्हा कुठे जनरल मोटर्स ही जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी जागी झाली आणि तिच्या शेव्हरोले शाखेने १९५९ च्या शरद ऋतूत कॉर्व्हेअर ही छोटी गाडी बाजारात आणली.

गाडी धाडसाची होती. इंजिन मागे, तेही ॲल्युमिनियमचे, सहा सिलिंडरांचे आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारे. मोटारींविषयीच्या एका मोठ्या मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरवले. परंतु सगळे वजन मागे आल्यामुळे एक अडचण उभी राहिली. मागची चाके ज्या दांड्यांवर बसविली होती त्या आतल्या सांध्यावर वरखाली झुलत. वळणावर वेग जास्त झाला की बाहेरच्या अंगाचे चाक गाडीखाली दुमडू पाही, मागचा भाग उचलला जाई आणि गाडी हाताबाहेर जाई. कंपनीने यावर उपाय म्हणून टायरांतील हवेचे प्रमाण ठरवून दिले होते: पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड. ही सूचना गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत होती. आता आपणच सांगा, पेट्रोलपंपावर हवा भरणाऱ्या पोऱ्याने ती पुस्तिका कधी वाचली असेल? त्याने चारही चाकांत सारखी हवा भरावी आणि घरी परतणाऱ्या कुटुंबाने त्याची किंमत मोजावी, असा हा प्रकार. झुलणाऱ्या दांड्यांवर दाब ठेवणारी जादा पाटी १९६४ च्या गाडीत बसविण्यात आली, आणि १९६५ च्या गाडीची मागची रचना मुळापासून बदलण्यात आली. म्हणजे दुरुस्ती सुचली, पण आधी विकलेल्या गाड्या रस्त्यावर धावतच राहिल्या.

या गाडीबद्दल कंपनीवर शंभराहून अधिक दावे दाखल झाले. पण प्रत्येक दावा वेगळ्या गावी, वेगळ्या न्यायालयात; प्रत्येक वादीला वाटे की आपणच एकटे. हे विखुरलेले कागद एका तरुण वकिलाने एकत्र वाचले. त्याचे नाव राल्फ नेडर. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी त्याचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. बाकीच्या प्रकरणांत एकंदर मोटार धंद्याची झडती होती. अपघात झाला की दोष चालवणाऱ्याचा, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. नेडरचा प्रश्न असा होता की चालक चुकणार हे गृहीत धरून गाडी का बांधू नये?

पुस्तक कदाचित विस्मृतीत गेले असते. पण कंपनीने नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. त्याच्या खाजगी आयुष्यात काही काळे सापडते का, याचा शोध सुरू झाला. ही गोष्ट बाहेर फुटली. २२ मार्च १९६६ रोजी जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटर रिबिकॉफ यांच्या उपसमितीपुढे येऊन जाहीर क्षमा मागावी लागली. पुढे नेडरने लावलेला दावा १९७० मध्ये सव्वाचार लाख डॉलरांवर मिटला, आणि ती रक्कम त्याने ग्राहकांच्या कामाकडे वळवली. त्याआधीच, ९ सप्टेंबर १९६६ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली होती. मोटार कशी बांधावी याविषयी किमान नियम घालण्याचा अधिकार यापूर्वी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने स्वतःकडे घेतला नव्हता. तो या कायद्याने घेतला. सुरक्षिततेचा दोष आढळला तर कंपनीने मालकांना कळविलेच पाहिजे, हेही त्यात होते.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर आमच्याकडून सत्याचा अपलाप होईल. १९७२ मध्ये सरकारच्याच सुरक्षितता खात्याने १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेअरची त्या काळच्या इतर गाड्यांशी तुलना करून अहवाल दिला. वळणावरच्या स्थैर्यात ही गाडी तिच्या बरोबरीच्या गाड्यांहून वाईट नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. नेडरला तो मान्य झाला नाही, पण अहवाल नोंदला गेला. तोवर कॉर्व्हेअरचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती. मग नेडरचा सगळा खटाटोप फुकट गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. इतर गाड्याही तेवढ्याच वाईट होत्या, हा काही त्या धंद्याच्या निर्दोषपणाचा दाखला नव्हे. पण यातून तक्रारदारानेही एक बोध घ्यावा: तक्रार जितकी मोठी, तितकी ती मोजूनमापून केलेली असावी. तुलना केल्यावाचून दोष सिद्ध होत नाही.

कायदा झाला म्हणजे आता सगळे सुरळीत झाले असेल, असे आपणांस वाटेल. पण पुढची गाडी पाहा. १० सप्टेंबर १९७० रोजी त्याच कंपनीने व्हेगा नावाची दुसरी छोटी गाडी विक्रीस आणली. किंमत दोन हजार डॉलरांहून थोडी अधिक. हिलाही त्याच मासिकाने १९७१ ची सर्वोत्तम गाडी म्हणून गौरविले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते असे.

व्हेगाची कथा ही मुख्यतः इंजिनाची कथा आहे. तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा होता. सामान्यतः असा ठोकळा ॲल्युमिनियमचा केला तर सिलिंडरांत लोखंडी लायनर बसवतात, कारण पिस्टनची सततची घासाघीस मऊ धातूला सोसत नाही. येथे ते लायनर गाळले. सिलिंडरची आतली बाजू अशी प्रक्रिया करून तयार केली की वरचे ॲल्युमिनियम निघून जावे, सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडावेत आणि पिस्टन त्या कणांवरून सरकावा. कल्पना उत्तम. पण या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर डोके मात्र ओतीव लोखंडाचे बसविले. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून दोहोंमधल्या गॅस्केटवर ताण येणारच. त्यात रेडिएटर लहान आणि पाणी थोडे. पाण्याची पातळी जरा खाली गेली की इंजिन तापे, ठोकळा वाकडा होई, गॅस्केट जाई, पाणी सिलिंडरात शिरे, आणि मग ते नाजूक सिलिकॉनचे अस्तर ओरबाडले जाई. एकदा ते गेले की इंजिन ऑइल खाऊ लागे आणि मागून निळा धूर निघे. शिवाय व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सील कडक होऊन फुटत, आणि त्यामुळेही ऑइल जळे.

आता मालक वर्कशॉपात गेल्यावर त्याला काय सांगितले जाई, याची कल्पना आपण करू शकतो. ऑइल पाहिले नसेल, पाणी पाहिले नसेल, गाडी दामटली असेल! यातील मौज अशी की हे उत्तर शब्दशः खोटेही नव्हते. मालकाने रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी पाहिले असते तर कित्येक इंजिने वाचली असती. परंतु जी गाडी रोजच्या वापरासाठी, साध्या नोकरदारासाठी म्हणून विकली, तिला थोडे पाणी कमी झाल्याचेही सोसू नये, हा दोष कोणाचा? पुढे कंपनीने जादा पाण्याची बाटली आणि पाणी कमी झाल्याचा दिवा बसविला, आणि १९७६ च्या इंजिनाला पाच वर्षे अथवा साठ हजार मैलांची हमी दिली. म्हणजे जी काळजी मालकाने घेतली नाही म्हणून त्याला बोल लावला जात होता, ती घेण्याचे काम अखेर गाडीकडेच सोपवावे लागले. तोवर गाडीचे नाव गेले होते. १९७७ च्या नमुन्यानंतर व्हेगा संपली.

असे का झाले? कल्पना चुकीची होती म्हणून नव्हे. लायनरवाचून बनविलेली ॲल्युमिनियमची इंजिने पुढे इतर कंपन्यांनी महागड्या गाड्यांत यशस्वी रीतीने वापरली. चुकली ती घाई आणि काटकसर. गाडीची घोषणा १९६८ मध्ये, ती पुरती सिद्ध होण्यापूर्वीच, झाली होती. तेव्हा शेव्हरोले शाखेची सूत्रे लवकरच ज्यांच्या हाती आली त्या जॉन डीलोरियन यांच्या आठवणींचे पुस्तक १९७९ मध्ये निघाले. चाचणीच्या मार्गावर पहिल्या नमुन्याचा पुढचा भाग आठ मैलांतच निखळला, असे त्यात सांगितले आहे. ओहायओ राज्यातील लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात तासाला शंभर गाड्या काढण्याची योजना होती. म्हणजे एका कामगाराच्या वाट्याला एका गाडीमागे छत्तीस सेकंद! त्या वेगाला कंटाळून तेथील कामगारांनी मार्च १९७२ मध्ये संप केला. रेल्वेने पाठविताना या गाड्या तोंड खाली करून उभ्या टांगीत, म्हणजे एका वाघिणीत अठराऐवजी तीस मावत. काटकसर वाईट असे आम्ही म्हणत नाही. ती नसती तर छोटी गाडी सामान्य माणसाच्या दारात आलीच नसती. पण एका गाडीमागे वाचलेला डॉलर कंपनीच्या हिशेबात जमेस लागतो, आणि त्यातून उद्भवलेला खर्च एकेका मालकाच्या खिशातून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावी जातो. तो एका वहीत कोठेच मांडला जात नाही. तक्रारींचा इतिहास म्हणजे ही न मांडलेली वही मांडण्याचा प्रयत्न होय.

१९६६ च्या कायद्याचा उपयोग येथे दिसतो, आणि त्याची मर्यादाही दिसते. १९७२ मध्ये व्हेगा तीनदा परत बोलवाव्या लागल्या. पहिल्या खेपेस सुमारे १,३०,००० गाड्या, कारण इंजिनातील उलट्या भडक्यामुळे सायलेन्सर फाटून पेट्रोलच्या टाकीजवळ आग लागण्याचा संभव होता. दुसऱ्या खेपेस सुमारे ३,५०,०००, कारण एक लहानशी पट्टी तुटून ॲक्सिलरेटरच्या सांध्यात अडकत असे. तिसऱ्या खेपेस सुमारे ५,००,०००, कारण मागचा दांडा किंचित आखूड निघाल्याने चाकच निसटण्याची भीती होती. कायदा नसता तर यांतील किती दोष कळले असते? पण लक्षात घ्या, ऑइल खाणारे, तापून वाकणारे इंजिन या तिन्ही यादींत नाही. कारण कायदा जिवाला धोका असेल तरच बोले. खिशाला धोका असेल तर तो मुका होता.

त्याच आठवड्यात, म्हणजे ११ सप्टेंबर १९७० ला, बाजारात आलेल्या फोर्ड पिंटो या छोट्या गाडीचा दोष मात्र जिवावरचाच होता. तिची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या मागे होती आणि मागून धडक बसली की फुटून पेट घेण्याचा संभव होता. १९७८ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील एका खटल्यात ज्यूरीने साडेबारा कोटी डॉलरांचा दंड सुनावला. न्यायाधीशांनी तो पस्तीस लाखांवर आणला. त्याच वर्षी जून महिन्यात कंपनीने सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय होती? टाकीला प्लॅस्टिकची ढाल आणि थोडी लांब नळी. इंडियाना राज्यात कंपनीवर मनुष्यवधाचा फौजदारी खटलाही चालला. १९८० मध्ये ती निर्दोष सुटली. गुन्हा सिद्ध होणे ही एक गोष्ट आणि गाडी सुधारणे ही दुसरी. आठ वर्षे वाट पाहणाऱ्या मालकाला दुसरीच अधिक मोलाची.

जिवाची तक्रार कायद्याने ऐकली. खिशाची तक्रार कशी ऐकली गेली? येथेही तीच युक्ती उपयोगी पडली, ती म्हणजे पत्रे गोळा करण्याची. १९७० मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोटार सुरक्षिततेसाठी एक ग्राहकसंस्था निघाली. देशभरातील गाडीमालक तिला पत्रे लिहीत, आणि एकाच गाडीची, एकाच भागाची पत्रे एकत्र लावली की “दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही” हे उत्तर आपोआप लंगडे पडे. १९७४ च्या दुरुस्तीने कायदा पुढे सरकला: सुरक्षिततेचा दोष नुसता कळवून चालणार नाही, तो कंपनीने फुकट दुरुस्त करून दिला पाहिजे. १९७५ मध्ये हमीपत्रांविषयी स्वतंत्र कायदा झाला. आणि १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने असा कायदा केला की ठरावीक मुदतीत वारंवार दुरुस्त करूनही गाडी नीट होत नसेल तर मालकाला दुसरी गाडी किंवा पैसे परत मिळावेत. इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. अमेरिकेत बिघडक्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून हे लिंबाचे कायदे. आपल्याकडे नवी गाडी घेतली की तिला लिंबू-मिरची बांधतात. तिकडे गाडीच लिंबू निघते आणि उतारा विधिमंडळाला काढावा लागतो!

आता घरी परत येऊ. आपल्याकडे अनेक वर्षे गोष्टच निराळी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याला गाडी मिळणे हेच भाग्य, तो तिच्याविरुद्ध काय बोलणार? १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. खिशाच्या तक्रारीला आपल्याकडे दार आधी उघडले, जिवाच्या तक्रारीला नंतर. ३१ जानेवारी २०१४ रोजी एका परदेशी संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्याचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या त्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसाच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. पुढे १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना तारे देण्याची आपली स्वतःची पद्धत सुरू झाली.

या सर्वांत आम्हांस महत्त्वाचे वाटते ते २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील एक कलम. सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार कोणत्या आधारावर काढील, हे त्यात सांगितले आहे. चाचणी करणाऱ्या संस्थेचा अहवाल हा एक आधार. आणि दुसरा आधार म्हणजे सरकारने ठरविलेल्या प्रमाणात मालकांनी त्या दोषाची नोंद केलेली असणे. १ एप्रिल २०२१ पासून याचे नियमही लागू झाले. म्हणजे आपल्या कायद्याने आता तक्रारी मोजण्याचे मान्य केले आहे. कॉर्व्हेअरच्या विखुरलेल्या दाव्यांपासून येथवर येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

पण मोजावयाचे तर नोंद हवी. आणि नोंद आपण करीत नाही. आपण मिस्त्रीशी भांडतो, शेजाऱ्याला सांगतो, चार दिवस चरफडतो आणि पैसे भरून मोकळे होतो. आमच्या त्या स्नेह्यांनी तेच केले. त्यांनी बिल फाडून टाकले, कारण ते पाहिले की त्यांना संताप येई. ते बिल, त्यावरची तारीख, गाडी किती किलोमीटर चालली होती तो आकडा, कोणता भाग गेला त्याचे नाव, हा सगळा एका वहीचा मजकूर होता. त्यांच्यासारख्याच आणखी शंभर जणांनी आपापली बिले फाडली असतील, तर साहेबांचे ते चार शब्द खरे ठरण्यास दुसरे काय हवे?

म्हणून श्रोत्यांना आमची विनंती साधी आहे. गाडीत दोष आढळला तर तो जसा आहे तसा लिहा, वाढवून नको आणि कमी करूनही नको. बिल जपून ठेवा. तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या. ग्राहक संस्थेला व सरकारी खात्याला तिची प्रत पाठवा. तुमची गाडी कदाचित त्यामुळे सुधारणार नाही. पण त्याच बनावटीच्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची मुले बसलेली असतील, आणि वर्कशॉपातील साहेबांना त्या दिवशी वेगळे उत्तर द्यावे लागेल.